माझ्या भावाचे दुधाचे दांत

दांतांविषयीं निबंध लिहिण्याची पाळी आपल्यावर येईल, असें मला कधींहि वाटलें नव्हतें. मैत्रिणींनीं निसर्गशोभा, श्रमाचें महत्त्व असे भारदस्त विषय निवडले आहेत. पण आमच्या घरीं तीन वर्षांपूर्वीं घडलेली हकीकत मनांतून जात नाहीं, म्हणून तीच वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा धाकटा भाऊ त्या वेळीं साडेतीन वर्षांचा होता. दुधाची बाटली तोंडांत असल्यावांचून त्यास झोंप येत नसे. आणि आजीच्या मायेमुळें त्या दुधांत साखर अंमळ अधिकच पडे. पुष्कळदां ती बाटली मींच त्याच्या हातीं देत असें. तो निजला म्हणजे मला अभ्यासास निवांतपणा मिळे, हा त्यांतील माझा स्वार्थ. प्रथम त्याच्या वरच्या पुढील दांतांवर, हिरड्यांलगत, खडूसारख्या पांढऱ्या रेघा दिसूं लागल्या. पुढें त्या पिंगट झाल्या आणि अखेर दांतांचे काळे खुंट उरले. झोंपेंत लाळ कमी सुटते. मग साखरेपासून तोंडांतील सूक्ष्म जंतू आम्ल तयार करतात व तें रात्रभर दांतांचें कवच विरघळवितें, हें मला मागाहून कळलें.

आईस हें अगदींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. अंगणवाड्या देशांत १९७५ पासून आहेत. आमच्या अंगणवाडींतील बाईंनीं बाटली सोडविण्यास व तालुक्याच्या गांवीं दांत दाखविण्यास तिला बजावलें होतें. परंतु ठाऊक असणें निराळें आणि करतां येणें निराळें. घरांतील पैसा आजोबांच्या पेटींत असे. वडील कामानिमित्त परगांवीं. एकट्या सुनेनें एस.टी.नें तालुक्यास जावयाचें म्हणजे आधीं दोघांची परवानगी. आजी म्हणे, "अगं, दुधाचे दांत ते! आज ना उद्यां पडायचेच. त्यांच्यापायीं पैसे कशाला घालवायचे?" लवंग दाबून झाली, हळद लावून झाली. पोर रात्र रात्र रडे, जेवतांना घांस टाकून देई, आणि शेजारणी मात्र आईलाच नांवें ठेवीत. दुधांतील साखर तिच्या हातची नव्हती, पेटीची किल्लीहि तिच्या हातीं नव्हती. दोष तेवढा तिचा!

एके सकाळीं त्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. त्याच दिवशीं बचत गटाची बैठक होती. आई त्या गटांत जाऊं लागल्याला सहा महिने झाले असतील. मी तिच्यासमवेत गेलें होतें. तिनें २,००० रुपये कर्ज मागितलें. कारण ऐकून एक बाई हंसली. म्हशीसाठीं, शिलाईच्या यंत्रासाठीं कर्ज घेतात, दांतांसाठीं कोण घेतें? आई खालीं मान घालून बसली होती; पण ती उठली नाहीं. "मला दुपारच्या गाडीनं जायचंय," इतकेंच ती म्हणाली. सर्वांत वडील बाईंनीं वही पुढें ओढली आणि आईची सही घेतली. घरीं येऊन तिनें आजोबांस "जाऊं का?" असें विचारलें नाहीं; "जाऊन येतें," असें सांगितलें. त्यांतील फरक त्या वयांतहि मला समजला.

दंतवैद्यांनीं तीन खेपांत दोन दांत काढले व किडलेल्या दाढा भरल्या. दुधाचे २० दांत असतात. त्यांतील दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि त्या अकालीं गेल्यास मागील दाढ पुढें सरकून नव्या दांतांची जागा अडते, हें त्यांनीं आईस समजावून दिलें. पहिला दांत दिसतांच घासणें सुरू करावें. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें वाटाण्याएवढी. आणि सात-आठ वर्षांचें होईपर्यंत मुलाच्या हातांत ब्रश देऊन आपण मोकळें होऊं नये, असेंहि सांगितलें.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांस विचारतात कीं, तुमच्या औषधपाण्याचा, मोठ्या खरेदीचा, माहेरीं जाण्याचा निर्णय घरांत कोण घेतें? ही माहिती वर्गांत ऐकली तेव्हां मला ती वहींतील सही आठवली.

कर्ज दहा हप्त्यांत फिटलें. आजोबा आठ दिवस आईशीं बोलले नाहींत. नवव्या दिवशीं स्वतःच्या हलणाऱ्या दाढेविषयीं त्यांनीं तिलाच विचारलें. भावाचा पुढचा पक्का दांत गेल्या महिन्यांत उगवला. रात्रीं त्याचे दांत घासण्याचें काम माझ्याकडे आहे. त्या बाटल्यांचें ऋण फेडीत आहें, असें मी समजतें. आजी अजूनहि त्याला पेढा देते. मात्र देण्यापूर्वीं एकदां आईकडे पाहते.