कोठीची किल्ली

सोलापुरास आमच्या एकत्र कुटुंबात १९९१ साली संगणक आला. एके दिवशी सहा तास खपून आम्ही त्यावर मेघदूताची टिपणे उतरविली. तोच पुतण्याने मागे चालू ठेवलेली कसलीशी आज्ञावली टिपणांच्या जागेत शिरली आणि पडदा थिजला. टिपणे गेली. पुतण्यास आम्ही फार बोललो. दोष त्याचा नव्हता, हे पुढे कळले.

संगणकाच्या स्मृतीची वाटणी व राखण करण्याची सोय इंटेलने १९८२ साली ८०२८६ या चिपच्या पोटातच घातली होती. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ती अधिक कुशल झाली. तिची रीत आमच्या मातोश्रींच्या कोठीसारखी. सुनांनी डबा मागावा. तो कोणत्या फळीवर, हे मातोश्रींसच ठाऊक. एकीच्या डब्यास दुसरीचा हात लागत नसे. ८०३८६ स्मृतीचे ४०९६ बाइटांचे कप्पे पाडते. आज्ञावलीने मागितलेला क्रमांक निराळा, खरी जागा निराळी. जागा अपुरी पडली, तर कप्पे डिस्कवर, म्हणजे माळ्यावर! परंतु ही राखण चालू करणे यंत्राच्या मुख्य आज्ञावलीच्या हाती, आणि त्या काळी बहुतेक घरगुती यंत्रांत ती तसे करीत नसे. कुलूप होते; किल्ली कोणी फिरविली नव्हती.

गेल्या दिवाळीत पुतण्यास आम्ही हे सांगितले. तो हसून म्हणाला, "काका, ती टिपणे पुन्हा लिहिलीत का?"

लिहिली नाहीत.