याला हात किती?

३ जून
गिटार आणि आवाज काल रात्री एकदाचे पदरात पडले. लय मिनिटाला ९२ मात्रांची. आज ऑफिसातून आल्यावर ड्रम्सना हात घातला. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट ठेवायची सोय नाही, आणि असता तरी मला वाजवता कुठे येतो? तेव्हा माउसनं एकेक चौकोन भरत बसलो. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर किक, दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर, वर हाय-हॅटची अखंड टिकटिक. चार मात्रांचा तुकडा जमला, तोच पुन्हापुन्हा पुढे चिकटवला आणि अर्ध्या तासात गाणं ‘पूर्ण’ केलं. ही आतून म्हणाली, “शेजारी फर्निचरचं काम निघालंय का?”

५ जून
फर्निचर का वाटतं, ते आज थोडं कळलं. मिडीत, म्हणजे वाद्यं आणि संगणकाच्या बोलायच्या भाषेत, प्रत्येक आघाताच्या जोराला १ ते १२७ असा आकडा असतो. माझे सगळे आघात सरसकट १००. हाय-हॅटचा मात्रेवरचा टोला ९० आणि अधला ५५ केला, तर नुसत्या तेवढ्यानं ठेका श्वास घ्यायला लागला. स्नेअरच्या मधल्या फटींत २५-३० जोराचे दोन-तीन हलके स्पर्श पेरले. एकटे लावले तर ऐकू येतात, गाण्यात लपून जातात, पण काढले की काहीतरी गेलं हे कळतं. आमटीतल्या गुळासारखं.

दुसरा दोष ध्वनीचाच होता. स्नेअरचं एकच रेकॉर्डिंग प्रत्येक टोल्याला जसंच्या तसं वाजत होतं. पटापट चार टोले आले की मशीनगन. मग एकाच टोल्याची पाच-सहा वेगवेगळी रेकॉर्डिंगं आळीपाळीनं वाजवणारा संच घेतला.

८ जून
सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्यूमनाइझ’ नावाचं बटण सापडलं. प्रत्येक टोला वीस मिलिसेकंदांपर्यंत मागंपुढं सरकवतं. मोठ्या आशेनं दाबलं. ऐकल्यावर वाटलं, वरात उरकून रात्री दीडला घरी निघालेला बँड. ९२ च्या लयीत मात्रा ६५२ मिलिसेकंदांची, तिचा चतकोर १६३ चा. त्यात वीस इकडे, वीस तिकडे म्हणजे काही थोडं नव्हे. पुन्हा होतं तसं केलं. चुका घातल्या तरी माणूस येत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

९ जून, रविवार
मामा सांगलीहून आले. लग्नाचं निमित्त. वीस-बावीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवलाय: आठ रबरी पॅड, दोन काठ्या, आणि त्यातच ड्रमसेट, काँगो, ढोलकी, लावणीपासून डिस्कोपर्यंत सगळं. गाणं लावलं. डोळे मिटून ऐकत होते. अंतरा संपताना मी हौसेनं घातलेला रोल आला आणि त्यांनी बोट वर केलं.

“थांबव. याला हात किती?”

मी पडद्यावर दाखवायला लागलो, तर पडद्याकडे बघेनात. “परत लाव.” मग हवेतच वाजवायला लागले. “उजवा हाय-हॅटवर. डावा स्नेअरवर. बरं. हा टॉम कुणी वाजवला? आणि त्याच वेळी क्रॅश? बायको बसलीय का शेजारी काठी घेऊन?”

मोजलं. एका जागी चार हात लागत होते. म्हणजे मी ड्रम्स लिहीतच नव्हतो. आवाज लिहीत होतो, वाजवणारा कुणी नव्हताच.

“आणि मला तर किकलासुद्धा पाय नव्हता,” मामा म्हणाले. “तीही हातानंच. मग काय सोडायचं ते आधी ठरवायचं.”

१६ जून, रविवार
माळ्यावरचा ऑक्टोपॅड घेऊन मामा परत आले. मागं मिडीचं छिद्र आहे, वायर जोडली. पहिल्याच टोल्याला स्नेअरच्या जागी झांज खणखणली. प्रत्येक पॅड कुठला आकडा पाठवतो ते जुळवायला हवं होतं: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२. यात तास गेला. मामांचे दोन चहा झाले.

मग म्हणाले, “हात पडतोय आत्ता, आवाज येतोय मागनं. असं कसं वाजवू?” मला वाटलं, वय. पण आवाज बाहेर सोडण्याआधी साठवणारा बफर बघितला तर १०२४ सँपलवर होता. ४४,१०० च्या हिशेबानं २३ मिलिसेकंद उशीर, तोही नुसता बफरचा. १२८ वर आणला, तीनवर आला. “हां, आता पॅड जागा झाला.” इतका बारीक उशीर त्यांच्या मनगटाला आकड्याशिवाय कळला होता.

गाणं तीनदा वाजवलं. दुसऱ्या वेळचं घेतलं.

१८ जून
रात्री मामांचे टोले मोठे करून बघत बसलो. मुखड्यातल्या स्नेअरचा जवळजवळ प्रत्येक टोला मात्रेच्या रेषेच्या मागं, ९ ते १७ मिलिसेकंदांत. पुढं एकही नाही. हाय-हॅट मात्र रेषेवर. बटणानं उधळलेल्या टोल्यांना कुठलंच वळण नव्हतं. इथं खोड आहे, आणि ती मुखडाभर सुटत नाही. शिवाय किक हातानं वाजवल्यामुळे त्या जागी हाय-हॅट अनेकदा गळलाय. नेमकी तिथंच गाण्याच्या ओळी सुरू होतात. मी कधीच तो गाळला नसता.

रॉजर लिनची आठवण झाली. खऱ्या ड्रम्सचे नमुने वाजवणारं एलएम-१ हे यंत्र त्यानं १९८० मध्ये आणलं. नमुन्यांचं कौतुक सगळे करतात, मला त्याची ‘स्विंग’ची युक्ती जास्त थोर वाटते. जोडीतला दुसरा टोला ठरावीक प्रमाणात उशिरा टाकायचा: ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास दादऱ्यासारखं तीनात झुलणं, मधे कुठंतरी डौल. तोही उशीरच, पण नेमानं केलेला.

२१ जून
आजचा उद्योग लिहू का नको? ड्रमर जॉन बोनमचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले ड्रम्स हेडली ग्रेंज या जुन्या घरात रेकॉर्ड झाले. ड्रमसेट खाली प्रवेशदालनात, दोन माइक जिन्यात वर. १९७१ च्या अल्बममधलं गाणं, अजून तो दणका घुमतो. म्हटलं, जिना आपल्याकडेही आहे. रात्री अकराला स्पीकर तळमजल्यावर, माइक दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला बांधला आणि फक्त स्नेअर सोडला. सहाव्या टोल्याला पहिल्या मजल्यावरचे काका बनियनवर बाहेर आले. “काय तुटलं?” मी म्हणालो, “काही नाही, टेस्टिंग.” त्यांच्या आधीचे पाच टोले मिळाले, तेवढे पुरले. कोरड्या स्नेअरखाली तो घुमारा दबक्या आवाजात ठेवलाय, फक्त धृपदात. अंतऱ्यात ठेवला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

२४ जून
संगणकातल्या ड्रम्सवर एक तरी गोष्ट खऱ्या हातानं वाजवलेली असावी, असं आता मला वाटतं. टाळ काढले. कपाटाची दारं उघडली, वर रजई टाकली, माइक हातभर लांब. पाऊस पत्र्यावर कोसळत होता. थांबला तर कुकर. तिसऱ्या शिट्टीनंतर गॅस बंद झाला आणि सलग साडेतीन मिनिटं मिळाली. माझे टाळ मामांच्या स्नेअरला धरून आपोआप मागं राहिले, हे नंतर बघितलं.

२८ जून
पहिल्या कडव्यातून किक सोडून सगळं काढलं. हिनं ऐकलं, फर्निचरचा विषय निघाला नाही. फाइल मामांना पाठवली. रात्री फोन आला.

“चांगलं झालंय. पण दुसऱ्या अंतऱ्यात वाजवणारा जरा घाई करतोय.”

“मामा, तुम्हीच आहात तो.”

“माहितेय की. म्हणून तर सांगतोय.”

उघडून बघितलं. खरंच, तिथं स्नेअर रेषेच्या पुढं गेलाय, सहा-सात मिलिसेकंद. गाणंही तिथंच चढतं. तसाच ठेवला. टाळ तेवढे थोडे खाली घेतले.