कष्टाचे शरीर, कमावलेले शरीर

शारीरिक तंदुरुस्ती म्हणजे दिवसभराचे काम धाप न लागता उरकणे आणि ते उरकल्यावरही अंगात थोडे बळ शिल्लक असणे. हृदय-फुफ्फुसांचा दमसास, स्नायूंची ताकद, सांध्यांची लवचीकता, शरीराचा तोल आणि चरबीचे बेताचे प्रमाण या साऱ्यांची ती गोळाबेरीज आहे. वाशिम जिल्ह्यात हा विषय वेगळा काढून शिकवावा लागेल, असे जुन्या पिढीत कोणाला वाटले नसते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या सहाही तालुक्यांचे पोट शेतीवर. शेत म्हणजे राबणे आले, आणि राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असा सरळ हिशेब होता. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, तेव्हाही तो हिशेब अर्धाच बरोबर होता. आता तेवढाही राहिलेला नाही.

लहानपणी शरीर आपोआप घडत असे. वस्तीवरून किंवा तांड्यावरून गावच्या शाळेत पायी जायचे, सुटीत विटीदांडू, लगोरी, लंगडी, आणि पावसाळा सरला की भरल्या विहिरीत पोहणे. कमरेला दोर, पाठीला बूच घट्ट लावलेला रिकामा डबा, दोराचे दुसरे टोक काठावर काकाच्या हातात. चार दिवसांत डबा सुटे, आठवडाभरात दोर. या वयातील धावणे-उड्या वाया जात नाहीत. हाडांची बहुतेक भरण विशीच्या आसपास पुरी होते आणि पुढचे सारे आयुष्य माणूस तीच शिल्लक खर्चत असतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तासाची दमवणारी हालचाल सांगते. पूर्वीच्या मुलाची ती शाळेत पोचेपर्यंतच निम्मी होई. आता दारात ऑटो येतो आणि खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. मुलींचे खेळणे तर बाराव्या-तेराव्या वर्षी बंदच होते, हाडांना त्याची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हा.

तरुणपणी व्यायाम हा स्वतंत्र विषय होतो. वऱ्हाडाला त्याची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. गावोगावच्या आखाड्यांत जोर-बैठका, मुद्गल, लाल माती आणि यात्रेतली कुस्त्यांची दंगल हे त्याच परंपरेचे घरगुती रूप.

आजच्या वाशिममध्ये तरुणांच्या व्यायामाचे खरे नाव पोलीस भरती असे आहे. पहाटे पाचला कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरे-पोरी पळताना दिसतात. एकजण मोटारसायकलवर मोबाइलमधले घड्याळ लावून पुढे, बाकीचे मागे. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. पन्नास गुणांपैकी वीस एकट्या लांब धावेचे. ते पुरे हवे तर मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर कापायचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा चार किलोचा. ज्यांच्याकडे गोळा नाही ते नदीतला गोल धोंडा फेकतात. शेतात वाढलेल्या मुलालाही या धावेत पहिल्या महिन्यात तोंडाला फेस येतो, कारण वखरामागे सहा तास चालणारा दम वेगळा आणि पाच मिनिटांत १६०० मीटर काढणारा वेगळा. हळू आणि जोरात धावण्याचे टप्पे आलटून पालटून केले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायू प्राणवायू अधिक वापरू लागतात आणि वेळ खाली येते. डांबरावर पातळ तळव्याचे बूट घालून रोज पळणाऱ्यांच्या नडग्या मात्र दुखू लागतात. गावाशेजारचे मातीचे मैदान सोडून सगळे रस्त्यावरच का पळतात, हे कोडेच आहे.

या मेहनतीचा कच्चा दुवा तिच्या शेवटात आहे. यादीत नाव लागले किंवा वयाची मर्यादा ओलांडली की धावणे त्याच दिवशी थांबते. दमसास टिकाऊ नसतो. सराव सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो उतरू लागतो आणि काही महिन्यांत बराचसा निघून जातो. नोकरीसाठी शरीर कमावले तर काम झाल्यावर ते सोडून द्यावेसे वाटणारच.

ज्यांना नोकरी लागत नाही ते शेतात परततात, आणि इथे कष्ट व तंदुरुस्ती यांतले अंतर उघडे पडते. १९९० नंतर ज्वारी-कपाशीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सप्टेंबरअखेर ते पिवळे पडते आणि सोंगणीची घाई सुटते, कारण शेंगा तडकल्या की दाणा शेतातच सांडतो. बायांची टोळी एकराच्या भावाने काम अंगावर घेते. विळा उजव्या हातात, डाव्या हाताला जुन्या कापडाची पट्टी, कारण वाळल्या शेंगांची टोके सुईसारखी टोचतात. कंबरेत वाकून मुठीमुठीने बुडखे कापत ओळ संपवायची, मग पुढची. मधे एकदा भाकर, बाकी वेळ पाठ सरळ होत नाही. या कामाने मुठीची पकड येते, चिकाटी येते. पण तोच कणा, तेच गुडघे, तोच खांदा तासन्‌तास झिजत राहतो. व्यायामाने स्नायू वाढतो तो विश्रांतीत आणि पुरेशा प्रथिनांवर. सोंगणीला दोन्ही मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा शरीराला आणखी कष्ट सांगणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्याला लोह, डाळ, झोप आणि पाठ उलट्या दिशेने ताणणाऱ्या चार हालचाली हव्यात. मकरासन किंवा भुजंगासन पाच मिनिटांचे आहे, पण सुगीत ती पाच मिनिटे काढून देणारे घर विरळा.

दुसरीकडे कष्ट हळूहळू शेतातून निघूनही चालले आहेत. पेरणी ट्रॅक्टरवर, मळणी थ्रेशरवर, तणाला निंदणाऐवजी फवारणी, आणि बांधापर्यंत मोटारसायकल. ताट मात्र तेवढेच राहिले. उलट ज्वारीच्या भाकरीच्या जोडीला गव्हाची पोळी, भात आणि दिवसातून चार वेळचा गोड चहा आला. २०२४ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून जास्त होते. देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये दिला.

बारीक माणसाने यातून सुटल्यासारखे वागू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा. त्यात स्नायू कमी आणि चरबी पोटात दडलेली. रक्तातली साखर वापरणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटांची चालही साखर उतरवते.

प्रौढांसाठी ठरवलेले माप आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असे आहे. बोलता येते पण गाता येत नाही, एवढ्या वेगाची चाल मध्यम समजावी. स्नायूंसाठी जिमची पावती फाडावी लागत नाही. जोर, बैठका आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर प्रसार केला ते सूर्यनमस्कार घरच्या ओसरीत होतात. अडचण वेगळीच आहे. पहाटे मैदानावर फिरणारा पुरुष तब्येतीला जपणारा ठरतो, आणि गावरस्त्याने झपझप चालणाऱ्या बाईला ‘घरी कामं नाहीत का’ असे विचारले जाते. त्यामुळे बाया चालतात त्या देवाच्या नावाने: रामनवमीला पोहरादेवीकडे, नाहीतर शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड मार्गे जाते तेव्हा तिच्याबरोबर.

त्या पालखीत साठीपुढचे वारकरी दिवसेंदिवस चालतात, पण पाय शाबूत राहिले तरी म्हातारपणी आधी जाते ती ताकद आणि तोल. तिशीनंतर स्नायू दर दशकाला काही टक्क्यांनी घटतात, साठीनंतर जास्तच. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर किंवा रात्री अंगणात पाय सटकला की खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर बरेच जण पूर्वीसारखे चालत नाहीत. म्हणून या वयात आठवड्यातून तीन दिवस तोलाचा सराव सांगितला जातो. भिंतीला बोटे टेकवून एका पायावर उभे राहणे, टाच-चवडा जोडत सरळ रेषेत चालणे, खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे एवढाच तो असतो. सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभे असावे, आणि ज्यांना चक्कर येते किंवा रक्तदाबाची गोळी नुकती बदलली आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.