डाव्या लेनमधला घाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोरघाटात कॅमेरे बसले आणि थोड्याच दिवसांत मी सापडलो. मर्यादा ताशी 60 किलोमीटरची, माझी कार 78 वर. मोबाइलवर दोन हजारांचं चलान आलं तेव्हा मी भयंकर चिडलो होतो. ऑफिसात, सोसायटीत जो भेटेल तो माझ्याच बाजूचा. 'हा रस्ता 2002 मध्ये पूर्ण झाला. तेव्हाच्या गाड्या कुठे, आत्ताच्या कुठे!' 'समृद्धी महामार्गावर 120 चालतात, मग मुंबई-पुण्याला 100 का?' 'घाटात सगळेच 80 नं जातात, मग मर्यादाच 80 करा ना.' मर्यादा वाढवा म्हणून एक अर्ज फिरत होता. त्यावर मीही सही ठोकली.

माझा मावसभाऊ चाकणहून न्हावा-शेव्याला कंटेनर नेतो. एकदा रात्री मला पनवेल गाठायचं होतं, म्हणून त्याच्या केबिनमध्ये चढून बसलो.

उतार लागायच्या आधीच दादानं गिअर खाली आणला. "ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं," तो म्हणाला. मागे पंचवीस टन माल. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर उतरवलं की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात, मग पेडल कितीही दाबा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे कसे दगावतात, तेही त्यानं सांगितलं. उताराला अवजड गाड्यांना तेव्हा 40 ची मर्यादा होती. आमचा काटा 35 च्या आसपास होता.

आरशात दिवे दिसायचे आणि पापणी लवायच्या आत गाडी पुढे गेलेली असायची. काही तर डावीकडून घुसत होत्या. "त्या बाजूला दाराखालचं मला काहीच दिसत नाही," दादा म्हणाला. तेवढ्यात एक कार तिथूनच पुढे आली आणि आमच्या समोर येऊन तिनं ब्रेक मारला. थांबण्यासाठी दादानं राखलेलं अंतर तिनं एका क्षणात खाल्लं होतं. मी डॅशबोर्ड गच्च धरलेला. दादा काही बोलला नाही. मला मात्र माझे 78 आठवले.

खाली उतरल्यावर विचारलं, "दादा, मर्यादा किती हवी?"

"गाडी रिकामी असली की 40 मलाही जाचतं. भरलेली असली की 35 सुद्धा जास्त वाटतं. पण अरे, माझ्या आणि कारच्या वेगात एवढी तफावत नको."

कारची मर्यादा 80 केली की नेमकी हीच तफावत वाढते. हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन सपाटीचा हिशेबही मांडला. 80 किलोमीटरला 100 नं 48 मिनिटं लागतात, 120 नं 40. वाचतात आठ मिनिटं, आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला अंतर लागतं जवळपास दीडपट. केंद्रानं 2018 मध्ये द्रुतगती मार्गांसाठी 120 ची मुभा दिली, ती अधिसूचना 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रद्द केली, तेव्हा मला तो निव्वळ अडथळा वाटला होता. आज तसं वाटत नाही. समृद्धीची आखणीच 150 च्या वेगासाठी झाली. बोरघाटातली वळणं तशी नाहीत. घाटात 60 च राहिले पाहिजेत, हे माझं आता ठाम मत आहे.

चलान भरलं, अर्जावरची सही काढून घेतली. त्या अर्जावर एकाही ट्रकचालकाची सही नव्हती. वेगमर्यादेवर लोकांचं मत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: एकदा रात्री कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर जा, नुकत्याच घाट उतरून आलेल्या ड्रायव्हरांनाही विचारा.