न टाकलेली षटके

परवा शिवाजी पार्कवर मुलींचा क्रिकेटचा सराव पाहत उभी राहिले आणि डायना एडलजी आठवल्या. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज १९७६ साली पहिली कसोटी खेळल्या, पुढे भारताच्या कर्णधार झाल्या. २० कसोटींत ६३ बळी. आयसीसीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २०२३ साली निवड झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

मला अस्वस्थ करते ती या कारकिर्दीतील एक रिकामी जागा. १९८६च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या ती थेट १९९१ साली, ऑस्ट्रेलियात. एडलजी तेव्हा तिशी ओलांडत होत्या. फिरकी पिकण्याची हीच वर्षे.

त्याच वर्षांत लालबागच्या आमच्या चाळीत माझाही चेंडू वळू लागला होता. बाराव्या वर्षी आई म्हणाली, ‘आता पुरे.’ खेळ संपला.

ओळींमधील मौन वाचा, असे मी वर्गात सांगत असते. एडलजींची कारकीर्दही तशीच वाचावी लागते. २०२५ साली नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री डोळे भरून आले. आनंदाने, आणि टाकायलाच न मिळालेल्या त्या षटकांच्या आठवणीनेही.