राग अंगात उठतो तेव्हा

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याचे, घरचं सगळं कापसावर. पऱ्हाटी शेतात उभी असली की पाऊस, बोंडअळी आणि भाव यांपलीकडे बोलणं जात नाही. कर्जाच्या विचाराने माझी झोप उडाली, तेव्हा एका नातेवाइकाने विपश्यना सुचवली. आदिलाबादहून नंदीग्राम एक्स्प्रेसने नांदेड, मनमाड करत इगतपुरी गाठली.

सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले आणि 1969 मध्ये त्यांनी ती भारतात आणली. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांनी उभारलेलं केंद्र. शिबिर 10 दिवसांचं. फोन जमा करायचा, कुणाशी बोलायचं नाही, पहाटे 4 ला घंटा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या पाहणं, शिकवतात. मग रोज तीन वेळा तासभर अधिष्ठान: हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

अर्ध्या तासात माझा डावा गुडघा पेटला. उठून पळावंसं वाटलं. पण सांगितल्याप्रमाणे दुखण्याकडेच लक्ष दिलं, तर दुखणं म्हणून एकसंध काही हाती लागेना. वाटीपाशी जळजळ, मागच्या शिरेत ताण, मध्येच ठणका. आणि त्यातलं काहीच दोन श्वास सारखं राहीना. ‘अजून किती वेळ?’ हा विचार आला की तेच दुखणं दुपटीने वाढायचं. वेदना आणि तिच्यावरची चिडचिड या दोन गोष्टी आहेत, हे मला त्या गुडघ्याने शिकवलं.

गावी आल्यावर सकाळ-संध्याकाळ बसणं चालू ठेवलं. त्याचा खरा उपयोग कापूस विकताना झाला. खरेदीदाराने गाडीच्या तळाशी, दबलेल्या कापसात यंत्र खुपसलं आणि ओलावा 13 टक्के सांगितला. 12 च्या वर गेला की सरकारी खरेदीतही माल परत होतो. हा खरेदीदार तर भावच पाडायला निघाला होता. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, पोटात गोळा आला, जबडा आवळला. हे सगळं होताना मला दिसत होतं. ते ओसरायला लागेपर्यंत मी गप्प राहिलो. मग म्हणालो, “शेठ, चार जागचा कापूस काढून परत मोजा.” आवाज चढला नाही, म्हणून त्यालाही चढवता आला नाही. परत मोजल्यावर आकडा खाली आला. कपात थोडी झालीच, पण माल मातीमोल गेला नाही.

साधनेने माणूस सोशिक होतो, असं आमच्याकडे काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. राग अंगात उठतानाच कळला, तर हक्काचं बोलणं नीट बोलता येतं. कर्ज अजून फिटलेलं नाही, भाव अजून आमच्या हातात नाही. पण शिबिराला फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर ते चालतं. म्हणून वेचणी संपली की जवळच्या शेतकऱ्यांना मी आग्रहाने सांगतो, एकदा जाऊन या.