निळा तेवढा उरला

जपानी चित्रकार हिरोशिगेचं ‘योरोईची तर’ हे चित्र आमच्या घरी आलं ते कॅलेंडरचं पान होऊन. बाबा तारापूर एमआयडीसीत पिगमेंटच्या कारखान्यात होते. कुणा मशीनवाल्यानं दिवाळीला वाटलेलं ते कॅलेंडर. वर्ष संपलं तरी आईनं पान उतरवलं नाही, कारण मागे भिंतीचा पोपडा होता.

एदो, म्हणजे आजचं टोकियो. कालव्याच्या काठानं पांढऱ्या भिंतींच्या वखारींची लांबच लांब रांग, पाण्यात होड्या, पुढे छत्री घेतलेली एक तरुणी. साल १८५७. मला कालवा ठाऊक होता तो सूर्या प्रकल्पाचा, शेतांतून जाणारा. त्याच्या काठी बाजारपेठ? काहीतरीच! होडीनं पलीकडे जाणं मात्र ओळखीचं. सातपाटीहून मुरब्याला आम्ही तसेच जायचो.

पुढे बोईसरलाच कापडछपाईत लागलो. डिझाइनमध्ये जितके रंग तितक्या स्क्रीन. एक केसभर सरकली की लाल पाकळीबाहेर. मग ते पान नीट बघू लागलो. तिकडे मूळ छाप्यातही रंगागणिक चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा, आणि कागद नेमका बसावा म्हणून ठशाच्या कडेला खाचा. आभाळ वर गडद आणि खाली विरत गेलेलं, ते मात्र खाचेनं साधत नाही. ओल्या ठशावर रंग कुंच्यानं विरवत न्यायचा, प्रत्येक प्रतीला नव्यानं. आमच्या मास्टरला हे सांगितलं तर म्हणाला, “मीटरच्या रेटला परवडायचं नाही.”

त्या काळच्या जपानी छाप्यांत गाजलेला निळा मुळात बर्लिनचा. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथे तयार झाला आणि १८३०च्या सुमारास जपानात स्वस्त झाला. म्हणजे रसायनवाल्यांचाच माल! बाबांना हे ऐकून कोण आनंद. त्यांच्या नखांतला निळा रिटायर झाल्यावरही बरेच दिवस गेला नव्हता.

खिडकीतल्या उन्हानं पानावरचे लाल-पिवळे कधीच उडाले. निळा तेवढा उरला. “थॅलो निळा आहे तो, ऑफसेटच्या शाईतला. उन्हाला दाद देत नाही,” इति बाबा.

चित्रावर हिरोशिगेचं नाव आहे. आभाळ विरवणाऱ्याचं नाही, आणि ते मला खटकतं. मुलगी म्हणते, आता हातानं छापलेली नवी प्रत मागवू. मागवू की. फक्त छापणाऱ्याचं नाव असलेली शोध, एवढं तिला सांगून ठेवलंय.